धुक्यातली म्हैस

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. अकोल्याच्या आमच्या जुन्या शहरात हे वाक्य कोणी ऐकलं तर हसेल — कारण सुधाकरनं न सांगितलेली गोष्ट म्हणजे मे महिन्यात मोर्णा नदीला पूर. माझ्या फजित्या मी स्वतःच गावभर वाटत आलो. अजिंठ्याला लेन्सवरचं झाकण न काढता अख्खी फिल्म संपवली, ते मीच सांगितलं. पुरीला समुद्र चौकटीत नीट बसावा म्हणून मागे मागे सरकत एका नारळवाल्याच्या गाडीवर जाऊन बसलो, तेही मीच. रामेश्वरला चुकीच्या बसमध्ये चढलो नि भलत्याच कुटुंबासोबत त्यांची पुरीभाजी खात मदुराईपर्यंत गेलो — ही गोष्ट तर लग्नाच्या पंगतीत लोक माझ्याकडून मागून घेतात.

फजित्या सांगणाऱ्या माणसाची एक सोय असते, तुमच्या लक्षात आली का? लोकांना वाटतं, हा काही लपवतच नसेल. झाकणाची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली, की तिच्या आडोशाला दुसरी एक गोष्ट आरामात झोपून राहिली.

तिला आता उठवतोय. का, ते नेमकं सांगता येत नाही. निमित्त मात्र सांगतो.

अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवणारी गौरी नावाची मुलगी मध्यंतरी माझ्याकडे आली. ती इतिहास लिहिते आहे. कशाचा? तर पदरचा पैसा घालून कॅमेरा घ्यायचा, देश हिंडायचा, आणि परत येऊन गावोगाव त्याचे खेळ करायचे, अशा माणसांचा. प्रवासपटांचा. ना सरकारनं काढलेले, ना कोण्या कंपनीनं — ज्याचे त्यानं केलेले. माझी समजूत, असा खुळा वऱ्हाडात मी एकटाच. पण तिनं एकेक माणूस पोतडीतून काढायला सुरुवात केली आणि मी चाट पडलो. शेंदूरजनाघाटचा एक बागवान म्हणे संत्री घेऊन कलकत्त्याला जायचा आणि येताना हावड्याचा पूल, ट्राम, गंगेतल्या नावा असं टिपून आणायचा. रिकाम्या पेट्यांवर बसून त्या गावानं कलकत्ता पाहिलं. अमरावतीचे एक डॉक्टर परदेशातून बर्फ चित्रित करून आले आणि दवाखान्याच्या भिंतीवर दाखवू लागले, तर बर्फ पाहायला धडधाकट माणसं खोकला घेऊन यायची! मला हे काहीच माहीत नव्हतं. मी आपला माझ्याच पडद्याच्या चादरीपुरता पाहत होतो.

गौरी चार-पाचदा आली. माझा जुना कॅमेरा तिनं असा हातात घेतला, जसं कोणी नवजात बाळ घ्यावं. माझ्या फिल्मा नागपूरला नेऊन तिनं संगणकावर चढवून आणल्या. आता तर काय, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा. माझा पुतण्या परवा लोणारला गेला तर सरोवराआधी ताटातलं पिठलं जगाला दाखवून आला. पण गौरीचं कुतूहल वेगळंच. तिनं एक दिवस विचारलं, "काका, लोक विश्वास कशावर ठेवत? पडद्यावर, की तुमच्यावर?"

मी म्हटलं, "पडद्यावर." ती लिहून घेत होती. मी तिला ते लिहू दिलं.

खरं काय ते तुम्हाला सांगतो. आमच्या फिल्मला आवाज नसे. फिल्म आठ मिलिमीटरची, करंगळीएवढी रुंद; मुंबईला धुवायला पाठवायची, महिन्याभरानं आली की तुकडे कापायचे, पट्टीनं चिकटवायचे, मोठ्या रिळावर गुंडाळायचे. पडदा म्हणजे नीळ दिलेली चादर. मशीन खरखरत असायची, आणि चादरीच्या बाजूला माइक घेऊन मी. आवाज म्हणजे मीच. वारा मी, नदी मी, देवळातली घंटा मी — घंटेसाठी आमच्या देवघरातली घंटी खिशात असायची. मी म्हणेन ते गाव आणि मी म्हणेन तो घाट. उद्या पूर्णा दाखवून यमुना म्हटलं असतं तरी लोकांनी हात जोडले असते. विचार करून पाहा. एक माणूस जातो, बाकीचे सारे बसून राहतात, आणि गेलेला सांगतो. बसलेल्यांजवळ तपासायला काय असतं? त्याचं तोंड. दुसरं काय?

मला बोलावणी यायची ती मुख्यतः मावंद्याची. कोणी काशी करून, बद्री करून आलं की गंगाजळाची पूजा, जेवणावळ, आणि न गेलेल्यांना गेलेल्यांच्या तोंडून यात्रा ऐकायला मिळते — ही आपली जुनी रीत. त्यात कोणाला तरी सुचलं, की जेवणं झाल्यावर सुधाकरचा पिक्चर ठेवू. मग अकोला झालं, अमरावती झालं, हिवरखेडपर्यंत मी मशीन एसटीच्या टपावर टाकून हिंडलो. वीज मंडळातली कारकुनी सांभाळून बरं का. आमचे साहेब म्हणायचे, या माणसाची रजा पाहिली की वाटतं हा नोकरीच्या गावाला सुट्टीवर येतो.

लोकांची मागणी एकच. केदार दाखव. काशी झाली, पुरी झाली, रामेश्वर झालं — केदार काहून नाही?

म्हणून एका उन्हाळ्यात निघालो. हरिद्वार झालं, ऋषिकेश झालं, बसनं गौरीकुंड गाठलं. बस तिथं थांबते. पुढे चढ. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, दरीत खाली मंदाकिनी. लोक चालत जातात, घोड्यावर जातात. ज्यांना झेपत नाही त्यांना चार माणसं डांडीत, म्हणजे खांद्यावरच्या खुर्चीत बसवून नेतात. या चढाबद्दल मी पुढे कितीतरी वर्षं बोललो. काय बोललो! पायाखालचे गुळगुळीत दगड, श्वास कसा लागतो, वळणावर एकदम वारा कसा येतो... ऐकणाऱ्यांना घाम फुटायचा.

मी चढलोच नाही.

हे एवढं वाक्य लिहायला मला तीन चहा लागले. मी केदारनाथ पाहिलेलं नाही. गौरीकुंडापुढे पहिलं वळण आलं, मी खाली पाहिलं, आणि तिथूनच मागे फिरून चहाच्या हॉटेलातल्या बाकावर येऊन बसलो. मला उंचीची भीती वाटते. जन्मभर टाकीत पाणी किती ते पाहायला मी दुसऱ्यालाच शिडीवर चढवत आलो, पण हे शिडीपुरतं असेल असं वाटलं होतं. तेवढ्यात वरून एका माणसाला डांडीत घालून आणलं — कांबळं हनुवटीपर्यंत, चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, गेला. तो गेला नव्हता. त्याला नुसती हुडहुडी भरली होती. खाली येऊन तो माझ्याच शेजारी बाकावर बसला, चहा प्यायला, दोन पराठे खाल्ले आणि मला विचारलं, "आप ऊपर से आए?" मी मान हलवली. कशी हलवली, ते त्यालाही कळलं नसेल.

दोन दिवस मी त्या हॉटेलात बसून काढले. घोड्यांचे पाय, कुंडातली वाफ, लोकांचे तोंडावळे, एवढं टिपलं. दुकानातून देवळाचा एक मोठा फोटो घेतला. आणि परत.

घाबरणं हा काही गुन्हा नाही — असं मी मनाशी म्हणत आलो. नसेलही. पण थांबा, अजून गावात कुठं पोचलोय? गल्लीच्या तोंडाशी लोक हार घेऊन उभे. "कसं झालं दर्शन?" मी म्हटलं, "काय सांगू!" त्यात तसं खोटं काहीच नव्हतं.

फिल्म धुऊन आली. खाली सगळं, वर काही नाही. एखाद्यानं लग्नाची पत्रिका दाखवावी, मांडव दाखवावा, आणि नवरा-नवरी दाखवूच नये, तसं. मग आषाढात, तोंड लपवायला बरा असा पाऊस लागल्यावर, मी चिखलदऱ्याला गेलो. तुम्ही गेला असाल तर जाणता. त्या दिवसांत तिथं धुकं असं उतरतं की हात लांब केला तर पंजा दिसत नाही. परतवाड्याहून एसटी, वर मुक्काम, आणि पहाटे एका दगडी पायवाटेवर तिपाई लावली. कॅमेऱ्याचं बटण रबरानं दाबून ठेवलं. आईची घोंगडी पांघरली, काठी घेतली, आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून स्वतःच धुक्यात चालत गेलो. एक साधू केदारला निघाला! पुन्हा धावत परत यायचं, रबर काढायचं, जागा बदलायची, पुन्हा साधू. मला त्या वेळी काय मजा वाटत होती, ते कसं सांगू? पाप करतोय असं क्षणभरही वाटलं नाही. कला करतोय असं वाटलं.

तेवढ्यात धुक्यातून एक म्हैस आली. चिखलदऱ्याच्या गवळ्यांची असणार. आली ती साधूच्या बाजूनं, शांतपणे, कॅमेऱ्याकडे पाहत, आणि पुन्हा धुक्यात विरघळली. नंतर कापायला घेतलं तर सगळ्यात देखणा तुकडा तोच! आणि तो कापला तर केदार उरत होतं अर्ध्या मिनिटाचं. राहू दिला. शेवटी देवळाच्या फोटोवर कॅमेरा धरला, समोर उदबत्तीचा धूर सोडला, हात जरासा हलवला. झालं केदारनाथ.

आता विमलकाकू.

आमची नि त्यांची भिंत एक. माहेर शेंदूरजनाघाटचं, सासरी काळी कसदार शेती, पण काका गेल्यावर मुलाच्या नोकरीपायी अकोल्याला आलेल्या. मुलगा दिलीप, सून, दोन नातवंडं. काकूंचा धंदा एकच, प्रश्न विचारणं. विमानातल्या लोकांना खालची गावं ओळखू येतात का? समुद्राचं पाणी खारं, तर त्यातले मासे कापल्यावर पुन्हा मीठ काहून घालतात? माझ्या प्रत्येक खेळाला त्या पुढच्या रांगेत, आणि खेळ चालू असतानाच मोठ्यानं विचारणार. लोक चिडायचे. मला मात्र त्या नसल्या की खेळ अळणी वाटायचा. त्या स्वतः कुठंच गेल्या नव्हत्या. नागपूर, तेही दवाखान्याच्या कामानं. जिथं गेल्या तिथं कोणाचा तरी डबा घेऊन गेल्या.

श्रावणात आमच्या गल्लीतल्या देवळापुढे केदारचा पहिला खेळ केला. गर्दी म्हणजे काय, ओट्यांवर माणसं, भिंतीवर माणसं. घोडे गेले, कुंड गेलं, धुकं आलं. साधू निघाला. मी आवाज खाली उतरवला, वाऱ्यासारखी फुंकर माइकवर घातली. आणि म्हैस आली.

"सुधाकर," काकू पुढून म्हणाल्या, "केदारले म्हैस कशी चढली रे?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आणि तोंड, हे माझं तोंड, ते माझ्या आधी धावलं. मी म्हटलं, "काकू, पांडव पाठी लागले तवा महादेवानं केदारले कोणतं रूप घेतलं होतं?"

मागून कोणी तरी ओरडलं, "रेड्याचं!"

बस. एका क्षणात सारी गल्ली हात जोडून उभी. हर हर महादेव! कोणी चादरीवर फुलं टाकली. मला मशीन थांबवून तो तुकडा पुन्हा दाखवावा लागला. फक्त काकू बसूनच होत्या. त्या म्हणाल्या, "पण बाप्पा, हे तं म्हैस हाय." लोक हसले. मी म्हटलं, "काकू, धुक्यात काय कळते?" पुन्हा हशा. मग त्याही हसल्या, हात जोडले, आणि शेजारच्या शांतामावशीला म्हणाल्या, "त्या बावाची चाल पाहाय, आपल्या सुधाकरवाणीच हाय."

खेळ इतका गाजला की अमरावतीला ओळीनं बोलावणी आली. म्हैस पुन्हा पुन्हा दाखवा!

मला वाटलं होतं, हे पाहून लोकांचं समाधान होईल, बसल्या जागी दर्शन. झालंही बहुतेकांचं. काकूंचं उलटं झालं. अमरावतीहून गणपती उठल्यावर यात्रेची एक बस निघणार होती. काकूंनी दिलीपला सांगून जागा धरली. स्वतःसाठी. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बूट घेतले — पांढरे कॅनव्हासचे, शाळेतली पोरं पीटीला घालतात तसे. नऊवारीखाली ते घालून त्या रोज सकाळी गल्लीतून दिसणाऱ्या असदगड किल्ल्याच्या पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या. बाया हसायच्या, "काकू, पोलिसात भरती हाय काय?" काकू म्हणायच्या, "हो, तुह्या सासूले पकडाले." मी ओट्यावर दात घासत हे पाहायचो. मलाही हसू यायचं. अजून तरी.

मग त्या माझ्याकडे यायला लागल्या. प्रश्न घेऊन.

"सुधाकर, थो म्हशीचा रस्ता गौरीकुंडाच्या किती पुढं लागते?"

"असेल... बराच पुढं."

"दरी डाव्या हाताले का उजव्या?"

"काकू, आता इतकं कोण ध्यानात ठेवते?"

"तूच ठेवलं पाहिजे ना बाप्पा! तूच तं गेला होता. मले तिथंच उभं राहाचं हाय. जिथं थे म्हैस आली ना, तिथंच. मले पाहाचं हाय, थे आली कुठून."

समजतंय ना तुम्हाला? सगळ्या गल्लीनं त्या म्हशीला नमस्कार केला. एकट्या या बाईला ती कुठून आली हे पाहायचं होतं. ती जाणार, आणि वाटेवरचं प्रत्येक वळण तपासणार. घोडेवाल्यांना विचारणार. परत येऊन पुढच्या रांगेत बसणार आणि म्हणणार, "सुधाकर, तसं तिथं कायीच नाही रे." माझा कॅमेरा गेला, माझा माइक गेला, हार घेऊन उभी राहणारी माणसं गेली. फजिती झाली असती. आणि मी तर फजित्यांचा व्यापारी! एवढी एक फजिती मला का सोसवली नसती? मी अजून स्वतःला विचारतो. बहुतेक ज्या फजित्या मी विकत आलो त्या सगळ्या मीच पारखून घेतलेल्या होत्या. ही मला दुसऱ्याच्या हातून मिळणार होती.

तेव्हा एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. मुद्दाम दिलीप घरी असताना. काकू तुरीची डाळ निवडत बसलेल्या. बूट दाराशी, धुऊन वाळत ठेवलेले. मी बसलो, आणि बोलायला लागलो. तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात तितका चांगला कधी बोललो नाही. मशीन नाही, चादर नाही, नुसतं तोंड. चढ सांगितला — जो मी चढलो नव्हतो. श्वास सांगितला — जो मला लागला नव्हता. दगडांवरून घोडा घसरतो तो आवाज सांगितला. आणि मग त्या डांडीतल्या माणसाला आणलं. त्याची बाई केली. काकूंच्या वयाची केली. आपल्याकडची केली, मूर्तिजापूरची. आणि तिला मारून टाकलं.

"तोंडावर कांबळं होतं, दिलीप," मी म्हटलं. "पोरगा सोबत नव्हता. तारेनं कळवलं बिचाऱ्याले."

दिलीप उठून उभा राहिला. "आई, राहू दे. नाही जायचं."

"अरे, मी माहेरचा सालबर्डीचा डोंगर पोरपणापासून चढते," काकू म्हणाल्या. "मले काय झालं?" आणि माझ्याकडे पाहिलं. "सुधाकर, तू पाहून आला. तू सांग. मी नाही चढणार?"

हा प्रश्न सरळ मला होता. मला त्यांचे गुडघे माहीत होते, त्यांचा दम माहीत होता. असदगडावर माझ्या डोळ्यांपुढे त्या न थांबता चढत होत्या. मागे एकदा सालबर्डीला सगळी गल्ली गेली होती, तेव्हा महादेवाच्या गुहेपाशी त्या पहिल्या पोचल्या होत्या, आणि मी शेवटचा, डोळे मिटून, कोणाच्या तरी उपरण्याला धरून. दोन शब्द पुरेसे होते. चढाल, काकू.

मी म्हटलं, "नाही काकू. तुमच्यानं नाही व्हायचं."

त्या पुन्हा डाळ निवडायला लागल्या. निवडून झालेली डाळ पुन्हा सुपात ओतली आणि पुन्हा निवडायला घेतली. मी चहा पिऊन घरी आलो. चहा चांगला झाला होता, हेही आठवतं.

त्यांची जागा शांतामावशीला दिली. बूटही दिले. एक नंबर मोठे होते, मावशीनं पुढे कापूस कोंबला.

आता तुम्ही विचाराल — मग शांतामावशीनं तुला उघडं पाडलं नाही? मलाही हीच धास्ती. बस जाऊन येईपर्यंत माझी झोप उडालेली. एकाला अडवलं, पण बसभर माणसं तर गेलीच होती! हे आधी सुचलं नाही का? नाही सुचलं. मला फक्त काकूंचे प्रश्न दिसत होते. बस आली. शांतामावशी उतरल्या, गल्लीनं घेरलं, आणि मावशी म्हणाल्या, "अवो, अगदी सुधाकरच्या पिक्चरवाणी! धुकंच धुकं. आन् म्हैस बी दिसली मले. खरंच सांगते, त्याच वळणावर."

यावर मी आजतागायत विचार करतो आहे. मावशी खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांना काय दिसलं असेल? घोडा? खडक? की माझा पिक्चर त्यांनी इथूनच डोळ्यांत भरून नेला होता आणि तिथं नुसता उघडला? पुढे बद्री-केदार करून आलेला प्रत्येक जण मला भेटून सांगायचा, अगदी तसंच आहे बरं का! एकानंही म्हटलं नाही, की सुधाकर, हे केदार नव्हे. गौरीच्या इतिहासात हे कुठं बसतं, तिचं तिला ठाऊक. पण तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. लोक पडद्यावरही नाही आणि माझ्यावरही नाही, आधी जे पाहिलं त्यावर विश्वास ठेवतात. मग डोंगर समोर उभा राहिला तरी.

म्हणजे मला कोणीच पकडणार नव्हतं. काकू गेल्या असत्या तरी कदाचित नाही. आणि पकडलं असतंच, तर त्यांनीच. त्या एकट्याच अशा होत्या, ज्यांना म्हैस रेडा म्हणून चालत नव्हती.

काकू पुढे खूप वर्षं जगल्या. केदारला गेल्या नाहीत. कुठंच गेल्या नाहीत. माझ्या खेळांना येत राहिल्या, पण पुढच्या रांगेतून मोठ्यानं विचारणं कमी कमी होत गेलं. त्या दुपारनंतरच, हे मी हिशेबानं सांगू शकतो असं नाही; मला तसं वाटतं. नातवंडांना सांगायच्या, "मी नाही गेली, पण सुधाकरनं मले घरी केदार आणून दाखवलं." त्या वारल्या तेव्हा दिलीपनं मला खांदा द्यायला बोलावलं. मी दिला. इतक्या वर्षांत भिंतीपलीकडे जाऊन एकदा खरं सांगायला मला कितीदा वेळ होता? भिंत एकच तर होती.

गौरीला हे सांगितलेलं नाही. तिच्या पहिल्या प्रकरणात माझं नाव आहे म्हणाली, आणि त्या धुक्यातल्या तुकड्याचं चित्र पुस्तकात छापणार आहे. हे वाचून तिला जे करायचं ते ती करेल.

एक राहिलं. ते मी मघापासून टाळतोय.

शांतामावशीचं मावंदं. अंगणात पाट मांडलेले, यात्रेहून आलेल्यांना ओळीनं बसवलेलं. त्यांचे पाय धुवायची रीत आहे. जे चालून आले त्यांच्या पायांना तिथली माती लागलेली असते, म्हणून ते पाणी तीर्थ. काकू परात नि तांब्या घेऊन एकेकापुढे बसत होत्या. मी कॅमेरा घेऊन एका बाजूला उभा. शेवटचे पाय झाले आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"सुधाकर, तू बी तं जाऊन आला. तुहे पाय कोणीच धुतले नाही." त्यांनी पाट सरकवला. "बस. मी नाही जाऊ शकली, तं तुह्या पायाचं तरी पाणी घेऊ दे मले."

सगळे पाहत होते. शांतामावशीनं माझ्या हातातून कॅमेरा काढून घेतला.

मी बसलो. चप्पल काढली. पाय परातीत ठेवले — आधी उजवा, मग डावा. काकूंनी कोमट पाणी घातलं, दोन्ही हातांनी पाय चोळले, पदरानं पुसले. मग परातीतलं पाणी ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावलं.

आणि मी त्यांना आशीर्वाद दिला.